फ्लेक्सवाल्याची लेक

डिझाइनच्या त्या विद्यापीठात सगळ्यात मोठी शिवी कोणती, माहीत आहे? आईबहिणीवरची नाही. ती तर पोरं एकमेकांना लाडानं देतात. तुमचं पोस्टर भिंतीवर लागलं, सरांनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "हे जरा फ्लेक्ससारखं झालंय," की संपलं. पोरगं दोन दिवस नीट जेवत नाही.

वैजयंतीनं ही शिवी पुण्यात पाऊल ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात ऐकली. आपले अप्पा काय करतात हे इथं कुणाला कळता कामा नये, हे तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं. कारण सेलूच्या बाजारपेठेत तोंडालाच 'गुरु फ्लेक्स' म्हणून जे दुकान आहे, ते तिच्या बापाचं, गुरुसिद्धप्पांचं. वाढदिवस, निवडी, कापसाच्या जिनिंगचं उद्घाटन, दहावी पास झालेली पोरं, वारलेली माणसं, सगळं अप्पांच्या हाताखालून जायचं. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "प्रिंटिंगचा बिझनेस आहे आमचा." खोटं नव्हतं म्हणा. पण खरं तरी कुठं होतं?

आणि बाईसाहेब शिकल्या कुठं? त्याच दुकानात की! नऊ वर्षांची असल्यापासून स्टुलावर बसून माणसं कापायची. म्हणजे फोटोतला माणूस मागच्या भिंतीपासून वेगळा करायचा. मिशीचा केस न् केस सुटा. सातवीत असताना एका सरपंचाचा फेटा तिनं इतका सुबक कापला, की अप्पांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "ही आमची विंजिनेर." विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत ती वरच्या नंबरात आली ती याच हातानं. पण हे ती कबूल करायची नाही, स्वतःशीसुद्धा.

तीन वर्षं निभावलं. चौथ्या वर्षी शेवटच्या प्रकल्पाचा विषय निवडायचा होता. विषय मंजूर नाही तर पदवी नाही, असा तिथला कायदा. वैजयंतीनं बाजरीच्या बिस्किटांच्या पुड्याचं डिझाइन हा विषय घेतला. तिचे मार्गदर्शक योगीराज सरांनी तो दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा ती वर्गात उभी राहून मोबाइल जोडून मोठ्या पडद्यावर तोच पुडा दाखवत होती आणि नेमका तेव्हाच अप्पांचा व्हॉट्सॲप आला. बाजूला सारताना बोट लागलं आणि फोटो सगळ्या पडद्यावर पसरला. सोसायटीचे नवे चेअरमन, डोळ्यावर काळा चष्मा, डोक्यामागं सूर्याचे किरण, खाली शुभेच्छुकांची चौदा तोंडं. वर्ग फुटला हसून.

"कुणी केलंय हे?" सरांनी विचारलं.

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. पण वरती 'अप्पा' असं नाव दिसत होतं. "माझ्या वडिलांनी," ती म्हणाली.

सर उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, "अगं, घरात एवढं घबाड, आणि तू बिस्किटं काय विकत बसलीस!"

विषय तिथल्या तिथं मंजूर झाला. सेलूतले वीस वर्षांचे फ्लेक्स. शीर्षकही सरांनीच दिलं, 'दृश्य कोलाहल'.

तिनं घरी फोन केला तर अप्पांना आधी खरंच वाटेना. "माज्या कामावर? तुज्या तिकडं? इद्यापीठात?" तीनदा विचारलं. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत एक दुकान राहिलं नाही ज्याला हे कळलं नाही. कपाळावर भस्माचे पट्टे ओढून हा माणूस गल्लीभर सांगत सुटला, "आता पोरं माजं काम शिकायलीत बगा." वैजयंतीची आई गंगम्मा म्हणाली, "अवो, जरा दमानं घ्या." पण दम कुठला!

जानेवारीत सर स्वतः आले, अकरा पोरंपोरी घेऊन, विद्यापीठाच्या मिनीबसनं. आणि गुरुसिद्धप्पांनी काय केलं असेल? जे कुणीही सेलूकर करील तेच. चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स लावला. सरांचा फोटो विद्यापीठाच्या साइटवरून घेतलेला. डोक्यामागं किरण, दोन्ही बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या, वर 'कलामहर्षी', खाली 'सहर्ष स्वागत'. त्याखाली ओळीनं आठ दुकानदार. कोपऱ्यात वैजयंती, 'सेलूची शान'.

मिनीबस चौकात थांबली आणि पोरं पोट धरधरून हसली. सर उतरले, फ्लेक्सखाली उभे राहून हात जोडले, पोरांनी फोटो काढले. एक पोरगी वैजयंतीच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "यार, मी मरते आता."

वैजयंतीही हसली. खोटं कशाला सांगायचं? चांगली मोकळी हसली. रस्त्याच्या पलीकडून अप्पा हार घेऊन येत होते. पाहुणे खूश झाले असं त्यांना वाटलं, म्हणून तेही हसायला लागले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. ते तिला दिसलं. पण तोंडावरचं हसू मात्र तिनं काढलं नाही.

गंगम्मानं धपाटे केले होते, घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. पोरं बोटं चाटून जेवली, हे सांगितलं पाहिजे, वाईट नव्हती ती पोरं. मग सगळे दुकानात दाटीवाटीनं बसले आणि सरांनी रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल अप्पांपुढं धरला. "तुम्ही डिझाइन कसं ठरवता?"

अप्पांना आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आधी टोपी सारखी केली.

"बगा सर, आमच्याकडं माणूस उभं ऱ्हाऊन फ्लेक्स वाचत न्हाई. यष्टीत बसून जाता जाता बगतो. म्हनून नाव पिवळं अन् मागं लाल. दुसरं, फोटू. कोन वर, कोन खाली, कुनाचं तोंड कुनापेक्षा किती मोटं, हे लय जपावं लागतंय. दोन इंच चुकलं तर दोगं भाऊ जन्मभर बोलत न्हाईत. माज्या हातानं आजवर एक भांडन झालेलं न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. "अन् मोकळी जागा सोडायची न्हाई. सोडली की गिऱ्हाईक म्हनतंय, हितं माज्या मामाचा फोटू बसत हुता की!"

"अप्रतिम," सर म्हणाले. मागं दोन पोरींनी ओढणी तोंडात कोंबली.

वैजयंती मात्र त्या वेळी हसली नव्हती. चार वर्षांत वर्गात कुणी एवढं नेमकं बोललं नव्हतं, हे तिला कळत होतं. परत गेल्यावर तिनं पहिला मसुदा लिहिला तो असाच, अप्पांच्या नावानिशी, मानानं. सरांनी तो वाचून बाजूला सारला. "भावुक झालीस तू. हा प्रकल्प आहे, वडिलांचा सत्कार नाही. थोडं अंतर ठेव."

मग तिनं अंतर ठेवलं. पदवी पाहिजे होती ना! आधी अप्पांचं नाव गेलं, त्या जागी आलं 'एक स्थानिक व्यावसायिक'. मग त्यांच्या कामाशेजारी तिनं आपले सुधारित नमुने लावले, पांढरेशुभ्र, बारीक अक्षरांचे, भरपूर मोकळी जागा सोडलेले. तरी परीक्षकांपुढं पहिली पाच मिनिटं ती नुसतं कागदावरून वाचत होती. सहाव्या मिनिटाला तिनं मामाच्या फोटोचं ते वाक्य म्हटलं, अप्पांच्याच आवाजात, टोपी सारखी केल्यासारखं करून. सभागृह खो खो हसलं. तिला एकदम मोकळं वाटलं. मग तिनं अजून दोन वाक्यं तशीच म्हटली. हसणाऱ्या माणसांपुढं बोलणं किती सोपं असतं!

वैजयंती पहिली आली.

मे महिन्यात ती घरी आली. लग्नसराई असूनही अप्पांनी रविवारी दुपारी दुकानाचं काम थांबवलं. ती अंघोळ करून बाहेर आली तर घरात एकटी गंगम्मा.

"अप्पा कुठंत?"

"दुकानात. तुजा कसला व्हिडिओ घावलाय म्हनं मोबाइलवर. नाव टाकलं की आला. समद्यांना बोलावून दाखवायलेत. पेढे बी नेलेत."

विद्यापीठानं पहिल्या नंबरांची सादरीकरणं यूट्यूबवर टाकली होती. वैजयंती ओल्या केसांनीच पळत सुटली. पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. दुकानात सातआठ माणसं उभी, चौकातल्या त्या स्वागताच्या फ्लेक्सवरचेच बहुतेक. शिवाय जवळच्या खेड्यातला सटवाजी, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. सगळ्यांची तोंडं मॉनिटरकडं. मॉनिटरवर ती उभी होती, नव्या कुर्त्यात, आणि म्हणत होती, "हितं माज्या मामाचा फोटू बसत हुता की!"

मॉनिटरमधली माणसं हसली. दुकानातला एकही माणूस हसला नाही. त्या दुकानदारांतले कापडवाले आपल्या चपलांकडं बघायला लागले.

अप्पांचा हात माउसवरच होता. एक बोट दाबलं असतं तर बंद झालं असतं. नाही दाबलं. चौदा मिनिटं आणि वर काही सेकंद, सगळं बघितलं. चौकातला स्वागताचा फ्लेक्स आला, लोक हसले. सटवाजीच्या भावाच्या निवडीचा आला, हसले. शेवटी टाळ्या वाजल्या. मग अप्पा उठले, पेढ्यांचा पुडा सोडला आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवला.

"पयली आली पोरगी. घ्या, तोंड गोड करा."

माणसांनी पेढे घेतले आणि निघून गेली. वैजयंती दारात उभी.

"अप्पा, ते सरांनी मला..."

"चांगलं बोललीस गं," अप्पा म्हणाले. "कुटंच अडखळली न्हाईस."

रागावले असते तर बरं झालं असतं. एक मुस्काटात दिली असती तरी चाललं असतं. पण नाही. घरी येऊन जेवले, पूजा केली, झोपले. आठ दिवस हेच. गंगम्मा तेवढी भाकरी थापता थापता एकदा म्हणाली, "हसायचंच हुतं तर माज्या धपाट्याला हसायचं हुतं गं बाई." वैजयंतीनं माफी मागायचं रोज सकाळी ठरवलं. रोज अप्पा समोर आले की चहा टाकू का, एवढंच विचारायची. शेवटी ती नुसतीच दुकानात जाऊन बसायला लागली, मागच्या स्टुलावर.

नवव्या दिवशी सटवाजी आला. डोकं भादरलेलं. त्याची माय वारली होती. तेरवीसाठी फ्लेक्स पाहिजे होता, आठ बाय दहाचा, गावाच्या वेशीत लावायला. पेनड्राइव्हवर फोटो एकच होता, कुणाच्या तरी लग्नातला, घोळक्यातला. म्हातारी हिरव्या लुगड्यात उभी, तोंडभर हसत होती.

"दुपारी ये," अप्पा म्हणाले.

हे काम अप्पांचं वीस मिनिटांचं. पण त्या दिवशी सकाळ सरली तरी ते उठेनात. वैजयंती मागून बघत होती. म्हातारीला त्यांनी घोळक्यातून अलगद कापून घेतलं, गळ्यात हार घातला, बाजूला दोन समया ठेवल्या, खाली भाऊबंदांचे फोटो वयाप्रमाणे लावले. झालं होतं. नेहमीसारखं, नीट, भरलेलं. मग ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. थोड्या वेळानं समया काढल्या. मग हार काढला. भाऊबंद एकेक करून पुसले. नाव बारीक केलं, अजून बारीक केलं. म्हातारीला लहान करत करत खालच्या कोपऱ्यात नेलं. बाकी सगळं पांढरं.

व्हिडिओतल्या आपल्या नमुन्याबरहुकूम ते चाललंय हे वैजयंतीला दिसत होतं. थांबवायला पाहिजे होतं. कुठल्या तोंडानं थांबवणार?

सटवाजी आला. मॉनिटरपुढं वाकला.

"अप्पा," तो म्हणाला, "माजी माय एवढीशीच हुती का वो?"

"आता असंच करतेत सटवाजी. शिकलेली माणसं असंच करतेत."

"अन् माजे चुलते? आमी भाऊ? का मायला कुनी नव्हतंच?" त्याचा आवाज फुटला. अप्पांनी मान वर केली नाही. सटवाजीनं टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलला आणि खिशात घातला. "तुमाला काय बोलू मी? तुमी घरचे. ऱ्हाऊ द्या. तिकडं मानवत गावात एक जन करतोय, त्याच्याकडून घेतो करून."

तो गेला. चपलांचा आवाज पायरीवरून उतरला. बाहेर जिनिंगला जाणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक गेलं तरी अप्पा दाराकडं वळलेच नाहीत. ते खुर्ची फिरवून वैजयंतीकडं वळले होते. वीस वर्षं सगळ्या तालुक्याला कोण वर, कोण खाली सांगणारा माणूस, आणि आता तोंडावर परीक्षेला बसलेल्या पोरासारखी भीती.

"वैजू, तू बग बरं नीट," ते म्हणाले. "आता तर कुनी हसनार न्हाई न्हवं?"