फेस माझा, आळ टॉवरवर

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी सँपलची बाटली आहे. पोटावर पिवळट डाग आहेत, गळ्याशी टवका उडालाय, हे मला आरशाशिवायही ठाऊक आहे. पण माझ्यामुळे एकदा एक अख्खा टॉवर बंद पडता पडता राहिला. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

भट्टीत वाळू वितळली आणि माझा जन्म झाला. आम्ही बारा बहिणी एका खोक्यातून गॅसच्या कारखान्यात आलो. अकरा जणी फुटल्या. मी उरले, कारण मी काकांच्या हातात पडले.

काका म्हणजे टॉवरचे ऑपरेटर. जमिनीतून येणारा गॅस काही धुतल्या तांदळासारखा नसतो. त्यात आम्लवायू लपलेले असतात. एकाला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि तो विषारी असतो. दुसरा बिनवासाचा, साळसूद. पण ओल मिळाली की दोघेही पाइप आतून कुरतडतात. म्हणून गॅसला आंघोळ घालावी लागते. उंच टॉवरमध्ये गॅस खालून वर चढतो आणि अमाईन नावाच्या रसायनाचं द्रावण वरून खाली झिरपतं. वाटेत गाठ पडली की द्रावण आम्लवायूंना पकडून ठेवतं आणि गॅस स्वच्छ होऊन बाहेर पडतो. मग शेजारच्या टॉवरमध्ये द्रावणाला तापवलं की ते पकडलेल्यांना सोडून देतं, आणि थंड होऊन पुन्हा कामाला हजर. पकडायचं, सोडायचं, वर्षानुवर्षं. मला तर सांगतानाच दम लागतो.

या द्रावणाचा मोठा वैरी म्हणजे फेस. तेलाचा किंवा घाणीचा अंश शिरला की टॉवरमध्ये फेस माजतो, द्रावण गॅसबरोबर उधळून जातं आणि आम्लवायू सुटतात. म्हणून रोज सकाळी काका मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून मला अंगावरच्या रेघेपर्यंत द्रावणाने भरत आणि लॅबमध्ये नेत. तिथल्या मॅडम मला दहा वेळा हलवत आणि फेस बसेपर्यंत आकडे मोजत. पाचाच्या आत फेस बसला की द्रावण ठणठणीत. अकरा वर्षं मी पाचाच्या पुढे गेले नव्हते.

मॅडम तरुण, हुशार आणि जिभेने तिखट.

"काका, ही बाटली आहे की विहिरीतून काढलेला बूट?"

काका हसून सोडून देत. पण एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "उद्या मोठे साहेब लॅब बघायला येणार आहेत. निदान त्यांच्यासमोर तरी हिला लपवा."

त्या दिवशी काका हसले नाहीत. शिफ्ट संपल्यावर त्यांनी मला बेसिनवर नेलं आणि भांड्यांचा साबण लावून, ब्रशने घासघासून लख्ख केलं. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. अकरा वर्षांत इतके लाड कुणी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला हलवलं. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. चाळीसला त्यांनी मोजणं थांबवलं. फेस तसाच, माझ्या गळ्यापर्यंत. माझ्यातच नवं सँपल भरून पाहिलं, पुन्हा तेच.

"काका, मागच्या आठवड्यात द्रावण गाळायचा फिल्टर तुम्हीच बदललात ना? नीट बसवला होता?"

"बसवला होता, मॅडम." मग जरा हळू, "बसवला असणार."

तो 'असणार' मला फार लागला. स्वतःच्या हातांवरचा त्यांचा विश्वास माझ्यादेखत उडत होता.

मोठे साहेब दारातच उभे होते. "टॉवर बंद करा. सगळं द्रावण काढून टाका. आणि काकांना दुसरीकडे हलवा. वय झालंय त्यांचं."

मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, दोष माझ्यात आहे. पण माझ्या तोंडाला बूच.

काका दारापर्यंत गेले आणि वळले. "साहेब, एक बोलू? टॉवरचा प्रेशरचा काटा सकाळपासून जागचा हललेला नाही. आत फेस असता तर तो असा गप्प बसला नसता."

"वयाबरोबर डोळेही जातात, काका."

मॅडम मात्र थबकल्या. "थांबा साहेब. काटा एक सांगतोय, बाटली दुसरंच. कुणीतरी एक खोटं बोलतंय."

त्यांनी मला रिकामं केलं, नुसतं स्वच्छ पाणी भरलं आणि हलवलं. पाण्यालाही गळ्यापर्यंत फेस आला.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "ही कशाने धुतलीत?"

"भांड्यांच्या साबणाने. तीनदा खळबळून घेतली होती, मॅडम. तुम्हीच म्हणालात ना, लपवा म्हणून."

मॅडमनी माझं बूच उचलून त्याच्या आतल्या खाचेत नख घातलं. हिरवा साबणाचा गोळा निघाला, वाटाण्याएवढा. त्यांनी कोरी बाटली घेतली, पुन्हा सँपल आणवलं, हलवलं. एक, दोन, तीन. फेस बसला.

काका मटकन स्टुलावर बसले. "पोरी, जरा पाणी दे गं." आणि जीभ चावून म्हणाले, "म्हणजे, मॅडम."

"पोरीच म्हणा. चूक माझी आहे, काका. नको तिथे जीभ चालवली." ग्लास त्यांनी स्वतः भरून काकांच्या हातात दिला.

साहेबांनी घसा खाकरला, उगाच छताकडे पाहिलं. "डोळे चांगले आहेत हो तुमचे," एवढं म्हणून ते गेले. टॉवर चालू राहिला आणि टॉवरवर काकाही.

मला गरम पाण्याने इतकं धुतलं की मोजदाद नाही. नवं बूच मिळालं. मॅडमनी स्वतः गळ्यात चिठ्ठी बांधली, 'फक्त पाणी. साबण नाही.' आता मी पुन्हा तीनवर आले आहे, आणि पोटावर नवे डाग पडायला लागलेत. किती बरं वाटतंय म्हणून सांगू.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या, पण आधी त्यांना काय सोसतं ते विचारा. आणि कुणाचं काम बिघडलं असं म्हणण्याआधी, ज्या बाटलीने मोजलंत तिच्यात एकदा साधं पाणी घालून हलवून बघा.