शेंदराची रेघ

त्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात पहिल्यांदाच तिन्ही ऑडिट एकत्र होणार होती. मालाची क्वालिटी, बाहेर सुटणारं पाणी नि वायू, आणि कामगारांची सुरक्षा. सगळ्याचं मिळून एकच सर्टिफिकेट. ते मिळालं तर परदेशातली ऑर्डर, आणि ऑर्डर आली तर टेम्पररी माणसं पर्मनंट, असं मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं.

त्या टेम्पररींत गोविंदा होता. शीळफाट्याकडच्या गावातला, नुकतं लग्न झालेला. आमचे सुपरवायझर सहदेवदादा त्याच्याच गावचे. त्यांनीच त्याला चिकटवलेला, आणि रिॲक्टरवर घेऊन शिकवलेलाही त्यांनीच. रिॲक्टर म्हणजे मोठं बंद भांडं. त्यात माल वाफेवर तापवायचा. आतला दाब दाखवणाऱ्या गोल गेजच्या काचेवर सहाच्या आकड्याशी ऑइलपेंटची तांबडी रेघ होती. "आकडे पाठ करत बसू नको," दादांनी त्याला सांगितलेलं. "काटा तांबड्या रेघेपाशी आला की वाफ तोडायची."

ऑडिट नेमकं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलं. त्याच्या आधी खंडेनवमीला दरवर्षीसारखी यंत्रांची पूजा झाली. कँटीनच्या चंद्रभागामावशी शेंदराची वाटी घेऊन रिॲक्टरपाशी आल्या.

"मावशी, आकड्यांवर नका लावू हां," दादा म्हणाले. "ऑडिटर बघणारेत. बाजूला लावा."

"देवानं पण आता तुझ्या ऑडिटरला विचारून यायचं का रे?" मावशी म्हणाल्या. पण त्यांनी बोट काचेच्या उजव्या कडेला, नऊच्या पुढे ओढलं. सरळ, ठसठशीत रेघ उठली.

ऑडिटच्या दिवशी सकाळी साफसफाईची माणसं थिनर घेऊन फिरली. सगळं चकचकीत दिसायला हवं होतं. गेज पुसताना मावशींनी त्यांना हटकलं, "शेंदराला हात लावू नका रे. देवाचं आहे ते." त्यांनी शेंदूर सांभाळून बाकीची काच लख्ख पुसली. थिनरनं ऑइलपेंटची जुनी रेघ निघून गेली. हे सगळं आम्ही नंतर जुळवलं. तेव्हा काचेवर एक तांबडी रेघ होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

ऑडिटरबाई रिॲक्टरवर आल्या तेव्हा बॅच चालू होती. मी फिटर, वाफेच्या व्हॉल्व्हजवळ उभा होतो. मॅनेजरसाहेब बाईंच्या मागे, दादा त्यांच्याही मागे.

"दाब जास्त झाला तर काय होईल?" बाईंनी गोविंदाला विचारलं.

"सेफ्टी व्हॉल्व्ह उडेल मॅडम. आतला वायू बाहेर जाईल." त्यानं मागच्या भिंतीकडे हात केला. "पलीकडं वस्ती आहे. पोरं असतात तिथं."

"आणि तुम्ही कुठे थांबता?"

"ह्या रेघेच्या आत." गोविंदानं काचेवर बोट ठेवलं.

"छान," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. मॅनेजरसाहेबांनी हसून मागे पाहिलं.

दादा हसले नाहीत. त्यांची नजर गोविंदाच्या बोटावर होती. काटा सहावर आलेला, आणि बोट पार पलीकडे होतं.

ते खाकरले. गोविंदाला वाटलं दादा खूश आहेत. तो आणखी ताठ उभा राहिला. दादांनी हाताचा पंजा खाली दाबून दाखवला. गोविंदानं आवाज खाली आणला आणि हातमोज्यांची माहिती द्यायला लागला. काटा सहाच्या पुढे सरकला. सेफ्टी व्हॉल्व्ह सातला उडायचा. मला तोवर काही कळलं नव्हतं. दादांच्या कपाळावर घाम दिसला एवढंच. त्यांनी एकदा बाईंच्या पेनाकडे पाहिलं, एकदा गोविंदाकडे.

मग ते साहेबांना बाजूला सारून पुढे आले.

"भिवाजी, वाफ तोड. गोविंदा, गार पाणी सोड. मॅडम, तुम्ही जिन्यापाशी व्हा."

मी चाक फिरवलं. नेमकं ते अर्ध्यात अडकलं. मी पाना घालून अंगानिशी रेटलं तेव्हा बसलं. गोविंदानं पाणी सोडलं. तरी काटा सरकतच होता. वर सेफ्टी व्हॉल्व्हपाशी बारीक शिट्टी सुरू झाली. भिंतीपलीकडून पोरांच्या खेळण्याचा आवाज येत होता. गोविंदा हाताचा आडोसा करून वर बघत होता.

शिट्टी बंद झाली. काटा थरथरला आणि मागे यायला लागला.

"काय झालं हे?" बाईंनी विचारलं.

साहेबच आधी बोलले. "मॉक ड्रिल होती मॅडम. आमची माणसं तयार असतात हे दाखवायचं होतं. काय सहदेव?"

बाईंचं पेन थांबलं. दादांनी नुसतं हो म्हटलं असतं तर ते चाललं असतं. ड्रिल झालीही होती फर्मास. गोविंदा दादांच्या तोंडाकडे बघत होता. दिवाळीपर्यंत पर्मनंट होईन असा बायकोला त्यानं वायदा केलेला, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दादा गेजपाशी गेले. त्यांनी अंगठा काचेवरून ओढला आणि बाईंपुढे धरला. अंगठा तांबडा झालेला.

"ड्रिल नव्हती. हा शेंदूर आहे मॅडम. खरी रेघ सकाळी आमच्याच हातून पुसली गेली. या पोरानं मी शिकवलं तसंच केलं."

बाईंनी अंगठा पाहिला, गेज पाहिला. मग वहीचं पान उलटून नव्यानं लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. साहेब जिना उतरून गेले.

तेवढ्यात चंद्रभागामावशी चहाचा ट्रे घेऊन वर आल्या. त्यांनी काच पाहिली, दादांचा अंगठा पाहिला.

"पुसलास ना शेवटी," त्या म्हणाल्या.

दादांनी चहा घेतला नाही. गोविंदा त्यांच्याजवळ सरकला. "दादा, मग आता माझं?"

दादांनी खिशातून खडू काढला. गेजच्या लोखंडी कडेवर, सहाच्या समोर रेघ मारली आणि तिच्यावर नखानं टकटक केलं.

"बॅच आत आहे अजून," ते म्हणाले. "काटा बघ."