आवतनाचा बैल

दामिनीनं एकदा शब्द दिला की दिला, मग आभाळ कोसळलं तरी ती मागं हटायची नाही. बार्शीटाकळीची लेक ती. लग्न होऊन सासरी आली आणि दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना, म्हणजे खुशालरावांना, तोंडावर म्हणाली, "मामाजी, चहात साखर भल्ली घेता तुमी. उद्यापासून अर्धी." सासूबाई गोदाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. खुशालरावांनी सुनेकडे रोखून पाहिलं, कप रिकामा केला आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलते." तेव्हापासून त्या दोघांचं जमलं ते जमलंच.

पुढं दामिनी नवऱ्याबरोबर, गजेंद्रबरोबर, अमरावतीला राहायला गेली आणि तिथं तिनं इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास काढला. म्हातारा-म्हातारी गावातच राहिली, धामणगाव रेल्वेपासून दोन-तीन कोसांवर. क्लासमधल्या पोरांना वाचायला जिवंत काहीतरी हवं म्हणून दामिनी एका मंडळात शिरली. जगभरातल्या हौशी माणसांचं मंडळ ते. आपलं एक खेळणं पोस्टानं परदेशी पाठवायचं. तिथला यजमान त्याला आपल्याकडं ठेवून घेणार, फिरवणार, आणि खेळणंच लिहितंय अशा थाटात आपल्या घरी पत्र पाठवणार. मग खेळणं पुढच्या देशाला. बाकीच्यांनी अस्वलं पाठवली होती, बाहुल्या पाठवल्या होत्या.

"अस्वल पाठवून काय सांगू त्याइले? की वऱ्हाडात अस्वलं पिकतात?" दामिनी म्हणाली, आणि तिचं मन गेलं ते थेट सासरच्या कोनाड्यातल्या लाकडी बैलावर. पांढराशुभ्र, लाल शिंगांचा, पायांना चार चाकं.

आता इथं सांगायला हवं की तो बैल खेळणं नव्हता. खुशालरावांच्या दावणीला जन्मभर बैलजोडी होती. गुडघे गेले तसं वावर ठोक्यानं, वर्षाची रक्कम ठरवून, दुसऱ्याला कसायला दिलं, जोडी गेली, गोठा ओस पडला. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी करायचं काय? लहानपणापासून त्या संध्याकाळी ते बैलांच्या मानेला, जिथं वर्षभर जू बसतं तिथं, लोणी-हळद चोळत आणि कानात सांगत, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' बैलाला जेवायचं आमंत्रण! दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. जोडी गेली त्या वर्षी म्हाताऱ्यानं धामणगावच्या बाजारातून हा लाकडी बैल आणला, पाटावर उभा केला आणि त्याच्या मानेला लोणी चोळलं. गाव हसलं. खुशालराव म्हणाले, हसू द्या, माहं काय जाते?

असा तो बैल दामिनीनं मागितला. खुशालरावांनी आधी एवढंच विचारलं,

"पोळ्याच्या आधी वापस येईन बैल?"

"येईन, मामाजी. माहा शब्द."

मग त्यांनी स्वतःच्या दुपट्ट्यात बैल गुंडाळला आणि सुनेच्या हातात दिला.

पत्रं येऊ लागली. दामिनी ती आधी क्लासमध्ये वाचायची आणि रविवारी फोनवरून वऱ्हाडीत सासऱ्यांना. जपानच्या बाईनं त्याला रेशमी उशीवर बसवलं. खुशालराव म्हणाले, "बसवलं? बैल बसते तवा पाय पोटाखाली घेते. याचे तं चाकं हायेत. तिले सांग, उभा ठेव." कॅनडात त्याला लोकरीचा गळपट्टा घातला आणि हॉटेलात खुर्चीवर ठेवून फोटो काढला. "बैल अन् खुर्चीवर? बाप्पा, बाप्पा! काही काम देऊन राहिले का नुसते मिरवून राहिले?" केनियातल्या माणसानं मात्र त्याला मक्याच्या वावरात नेऊन बांधावर उभं केलं. हा माणूस बरा, असा निकाल लागला. सोमवारी खुशालराव न्हाव्याच्या दुकानात बसून सगळ्या गावाला ऐकवायचे, "आमचा बैल सध्या कॅनडात हाये. थंडी भल्ली तिकडे." ज्या गावानं हसून घेतलं होतं तेच गाव आता विचारायचं, पुढं कुठी जाते म्हणून. म्हातारा खुशीत होता, आणि त्याला खुशीत पाहून दामिनीलाही फार बरं वाटत होतं.

शेवटचा मुक्काम स्पेनमध्ये होता, उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका खेड्यात. यजमानीण एल्विरा, सत्तरीच्या पुढची, एकटीच राहणारी. तिनं बैल पोळ्याच्या महिनाभर आधी अमरावतीच्या पत्त्यावर पोस्टानं धाडायचा होता. त्याऐवजी तिच्या पत्राचा फोटो आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बैल लिहीत होता: 'मी खिडकीत उभा आहे. बाई मला रोज खोक्यात ठेवते आणि रोज बाहेर काढते. हिच्याकडं पूर्वी बैलांची जोडी होती. याच खिडकीतून दिसायची. म्हणते, अजून थोडे दिवस राहा.'

दामिनीनं निरोपांवर निरोप धाडले. एल्विरा 'हो, उद्या' म्हणायची. ते उद्या उगवेपर्यंत पोळा उंबऱ्याशी आला आणि बैल खिडकीतच.

"एवढं काय त्यात?" गजेंद्र म्हणाला. "बाजारातून दुसरा घे. पांढरा रंग, लाल शिंगं, सारे सारखेच असतात. बाबाले काय कळते?"

दामिनी अशी उसळली की गजेंद्र दोन पावलं मागं सरला. "त्याइले नाही कळलं तरी मले कळते ना! शब्द माहा होता. खोटा बैल पाटावर ठेवून त्याइच्या तोंडाकडे कशी पाहू?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती एकटीच एसटीनं धामणगावला उतरली, पुढं ऑटो केला. एरवी ऑटोवाल्याशी भाड्यावरून भांडणारी बाई त्या दिवशी मागितलं तेवढं देऊन उतरली.

अंगणात पाट मांडलेला होता. वाटीत लोणी-हळद, शेजारी पळसाचं पान. खुशालराव धुतलेलं धोतर नेसून बसले होते. सुनेला पाहून त्यांनी हात पुढं केला. "आण."

"मामाजी, बैल नाही आला. तिकडंच राहिला. माहा शब्द खाली पडला."

खुशालरावांनी हात मागं घेतला. पाटाकडं पाहिलं. "दामिनी, तुह्या भरवशावर होतो वो मी," एवढंच म्हणाले. रागावले असते, तर तिनं सोसलं असतं. हे तिला सोसवेना. गोदाबाईंनी दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

दामिनीनं डोळे पुसले, फोन काढला आणि स्पेनला व्हिडिओ लावला. तिकडं भर दुपार होती. एल्विरा दिसली, तिच्यामागं खिडकी, खिडकीत बैल. दामिनी इंग्रजीत भडाभडा सुरू झाली. कुणाचा बैल, कसला दिवस, कोण बसलंय पाटासमोर. ऐकता ऐकता त्या बाईचा चेहरा उतरत गेला.

"इकडं दे," म्हणत खुशालरावांनी फोन हिसकावून घेतला. स्पेन जणू नाल्यापलीकडं असावं इतक्या मोठ्यानं ते बोलू लागले, अस्सल वऱ्हाडीत. "अवो बाई! आज याले लोणी लावा लागते! हे पाहा, लोणी!" वाटी त्यांनी फोनला टेकवली. बोटानं चोळून दाखवलं.

एल्विरा उठली, तेलाची बाटली घेऊन आली. बैल मांडीवर घेतला, बोटावर तेल घेतलं आणि त्याच्या दोन शिंगांच्या मधोमध चोळू लागली.

"अवो तिथं काय लावता! मानेवर! मानेवर!" खुशालराव स्वतःच्या मानेवर थापट्या मारू लागले.

बाईनं मान हलवली. नाही. ती आत गेली आणि भिंतीवरचं एक जाडजूड लाकूड दोन्ही हातांनी उचलून आणलं. लांब चामडी पट्टे लोंबत होते त्याला. तिनं ते स्वतःच्या डोक्यावर टेकवलं, पट्टे कपाळावरून ओढून दाखवले आणि मान खाली घालून दोन पावलं चालून दाखवली. मग मोडक्या इंग्रजीत दामिनीला दोन वाक्यं सांगितली.

"मामाजी, तिकडं जू मानेवर नसते," दामिनी हळूच म्हणाली. "शिंगाले बांधतात. सारी गाडी कपाळानं ओढतात."

"कपाळानं?" खुशालरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाप्पा. कपाळानं ओढतात बिचारे." मग म्हणाले, "मंग बरोबर लावलं तिनं. बैल ज्याच्या घरी, रीत त्याच्या घरची. लाव बाई, लाव."

एल्विरा चोळत राहिली आणि चोळता चोळता रडू लागली. तिनं भिंतीवरचा एक फोटो काढून दाखवला, दोन तांबूस बैल आणि मधे तरुणपणची ती. खुशालरावांनी फोन तोंडाजवळ नेला. आवाज एकदम खाली आला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"तिले काय सांगू?" दामिनीनं विचारलं.

"सांग, बैलाले आवतन दिलं. अन् तिच्या जोडीलेही."

दामिनीनं सांगितलं. एल्विरानं तो फोटो छातीशी धरला. फोन बंद झाल्यावर खुशालराव सुनेकडं वळले. "शब्द तुहा खाली पडला, तो पडलाच. पण तोंड लपवून नाही बसली. जाय, चहा टाक. साखर अर्धीच."

बैल दिवाळीच्या सुमाराला घरी आला. त्याच्या कपाळावर तेलाचा काळपट डाग पडला होता. गजेंद्र रंगाचा डबा घेऊन आला, तर खुशालरावांनी त्याला दारातूनच परत पाठवला.

पुढच्या पोळ्याला दामिनी आदल्या दिवशी दुपारीच गावी आली. संध्याकाळी खुशालरावांनी बैल पाटावर उभा केला, मानेला लोणी-हळद चोळली, मग बोट वर नेऊन शिंगांच्या मधोमध, त्या डागावर, तितकंच चोळलं. कानाशी वाकून आवतन दिलं. दामिनी वाटी उचलायला लागली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"थांब. फोन लाव त्या बाईले," ते म्हणाले. "तिच्या दोघाइले आवतन द्याचं राहिलं."