डनमोरच्या पोस्टावरची पाटी

पोस्टावर लॉयल हॅगर्टीचं नाव लागलं, तर पोस्टमास्तरीण आयरीनची खुर्ची टिकणार होती आणि डनमोरच्या दोनशे घरांना टपालासाठी चाळीस मैल जावं लागणार नव्हतं. बंद करायच्या पोस्टांच्या यादीत डनमोर पहिलं होतं. पण चौतीस वर्षं अमेरिकेची संसद गाजवलेल्या माणसाच्या नावाला कुलूप लावायला वॉशिंग्टनचा कोणता अधिकारी धजावला असता?

अडचण खुद्द लॉयलची होती. त्याने मतदारसंघात पूल आणले, दवाखाना आणला, पण कशालाच स्वतःचं नाव देऊ दिलं नाही. आणि हे तो प्रत्येक सभेत सांगायचा.

निवृत्तीच्या वर्षी तो पोस्टाची तिकिटं घ्यायला आला, तेव्हा आयरीनने विषय काढला.

"पाटी लावायला मी काय मेलोय?"

"तुझ्या मरणाची वाट बघितली, तर पोस्ट तुझ्याआधी जाईल." शाळेत ती त्याच्या पुढच्या बाकावर बसायची, त्यामुळे भीडभाड नव्हती. "चौतीस वर्षं साधेपणाची टिमकी वाजवलीस ना? आता आमच्यासाठी ती खुंटीला टांग."

लॉयल तिकिटं घेऊन निघून गेला. पण त्याच्या शेवटच्या अधिवेशनात पोस्टाला त्याचं नाव द्यायचं विधेयक त्याच्याच संमतीने आलं.

"जाता जाता म्हाताऱ्याला पाटीचा मोह आवरला नाहीच," विरोधक हसले. लॉयलने खरं कारण सांगितलं नाही. पोस्ट वाचवायची युक्ती उघडी पडली असती, तर विधेयक अडलं असतं.

पाटी लागली. गावाला पोस्ट राहिलं, आयरीनला खुर्ची राहिली. किंमत एकट्या लॉयलने मोजली: आयुष्यभर मिरवलेली एकुलती एक बढाई.