फ्रीजरमधलं नशीब

दुम्यात या अरबी शहरात रिफअतइतका निर्दोष माणूस दुसरा नव्हता. त्याच्या आयुष्यात जे काही बिघडलं होतं, त्यात त्याचा हात कुठेच नव्हता. खुर्च्यांना गाद्या चढवायचा धंदा वडिलांनी ठरवला. उन्हाळ्यात ज्या फ्लॅटच्या खिडकीत ठेवलेला पाव आपोआप भाजून निघायचा, तो फ्लॅट मेव्हण्याने ठरवला. बायको आईने ठरवली. आणि जे कुणीच ठरवलं नाही ते वरच्याने ठरवलं. वरच्याशी वाद घालणं रिफअतच्या स्वभावात बसत नव्हतं. "नशीब," असं म्हणून तो चहात आणखी एक चमचा साखर घालायचा. पुढे डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हा तेही नशिबातच होतं.

कारखान्यात गिऱ्हाईक विचारायचं, "उस्ताद, खुर्चीला निळं कापड चढवायचं की तांबडं?"

"दोन्ही शोभेल."

"पण तुमचं मत काय?"

"माझ्या मतावर तुम्ही बसणार आहात का? तुम्ही खुर्चीवर बसणार."

गिऱ्हाईक निळं सांगून जायचं आणि आठवड्याने बायकोच्या शिव्या खाऊन तांबड्यासाठी परत यायचं. रिफअतवर कुणाचाच राग नसायचा. उलट सगळे म्हणायचे, माणूस कसा अगदी लोण्यासारखा. आणि तो होताही तसाच. ज्या साच्यात घालाल त्या साच्याचा.

त्याची बायको नहला शाळेत भूगोल शिकवायची. लग्नानंतर लवकरच, समुद्रावर कणसं खात बसलेले असताना, तिने एकदा विचारलं होतं, "खरं सांग, मी आवडले होते का रे तुला?"

"तू माझ्या नशिबात होतीस," रिफअत मनापासून म्हणाला. सिनेमात हे वाक्य ऐकून बायका लाजतात. नहलाने कणसाचं बुरकुंड समुद्रात फेकलं आणि विषय बदलला. तिने विचारलं होतं ते वेगळंच होतं.

अशा या घरात बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली, आणि नावाचा प्रश्न उभा राहिला.

खरं तर प्रश्न उभा राहायचं काही कारण नव्हतं, कारण त्यावर रीत ठरलेली होती. सातव्या दिवसाच्या सोहळ्यात मेणबत्त्या लावायच्या. प्रत्येक मेणबत्तीला एकेक नाव द्यायचं. जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. भांडण नाही, रुसवे नाहीत, कुणी कुणाला बोल लावायचा नाही. रिफअतला ही रीत इतकी आवडायची की बाकीच्या गोष्टीही अशाच का ठरवत नाहीत, याचं त्याला नवल वाटायचं.

पहिली मेणबत्ती होती त्याच्या आईची, हज केल्यापासून हाग्गा म्हणवणाऱ्या तफीदाची. आणि नावही तफीदाच. "माझा मोह नाही हो," ती शेजारणींना सांगायची, "पण नाव चांगलं टिकाऊ आहे. मी वापरून पाहिलंय." दुसरी मेणबत्ती सासूची. हाग्गा इन्शिराह मुलीच्या बाळंतपणासाठी येऊन राहिली होती आणि तिला नाव हवं होतं सफीनाज, तिच्या वारलेल्या बहिणीचं. दोन्ही हाग्गा एकमेकींना 'बाई गं' म्हणत आणि एकमेकींच्या मसूरच्या आमटीत मागून मीठ घालत.

सोहळ्याला दोन-तीन दिवस असताना नहलाने बाळाला पाजता पाजता विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या? मेणबत्त्या लावणार आहेत ना."

"ते मला माहितेय. मी मेणबत्तीला नाही विचारत, तुला विचारतेय."

रिफअतने दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू, चोरीचा माल दाखवावा तसा म्हणाला, "शहद."

नहलाने बाळाकडे पाहिलं. बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता. "शहद," ती म्हणाली. "गोड आहे. मग ठेव की."

"ठेव काय? आईला काय सांगू?"

"सांग, मी बाप आहे, मला हे नाव आवडलं."

"असं एकदम तोंडावर?"

"मग काय पाठीवर सांगणार?"

"मी काय म्हणतो," रिफअतला मार्ग सुचला, "तिसरी मेणबत्ती लावू. शहदची. लागलं तर लागलं."

"आणि विझली तर?"

"तर मग..." रिफअतने हात वर केले.

नहलाने बाळाला खांद्यावर घेऊन थोपटलं. तिचा आवाज चढला नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांशी बोलताना जसा असायचा तसाच तो राहिला. "रिफअत, ही उद्या मला विचारेल, माझं नाव कुणी ठेवलं. मी काय सांगू? मेणाने? हिला एक बाप हवाय, वाटेने जाणारा साक्षीदार नकोय. तुला हवं ते ठेव, तफीदा ठेवलंस तरी मी हू की चू करणार नाही. पण तू ठेव. एवढं एक तू केलंस ना, तर बाकी सगळं मी विसरेन."

बाकी सगळं म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही. रिफअतने विचारलंही नाही, कारण त्याला ते माहीत होतं.

संध्याकाळी त्याने एकाच पाकिटातल्या तीन सारख्या मेणबत्त्या आणल्या. दोन्ही हाग्गांनी आपापली उचलली आणि ओळखीला रिबीन बांधली. तिसरीचं नाव ऐकून आईच्या भुवया वर गेल्या.

"शहद? हे कुणी काढलं?"

"बाजारात लोक म्हणत होते," रिफअत म्हणाला.

सोहळ्याच्या दिवशी दुपारी, जेवणं होऊन घर डुलक्या काढत असताना, रिफअत पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेला. त्याच्या हातात तिसरी मेणबत्ती होती. त्याला कारखान्यात कुणीतरी सांगितलं होतं की मेणबत्ती बर्फात ठेवली तर हळू जळते. वरच्याच्या निर्णयात ढवळाढवळ करायचा त्याचा हेतू नव्हता. त्याला फक्त निर्णयाला जरा गारवा द्यायचा होता.

फ्रीजरचं दार उघडून त्याने गोठलेल्या भेंड्यांची पिशवी बाजूला केली. मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उलगडून पाहिलं तर हिरव्या रिबिनीची मेणबत्ती. आईची. ती परत ठेवायला त्याने वाटाणे सरकवले, तर वाटाण्यांच्या खाली, प्लास्टिकच्या डब्यात, जांभळ्या रिबिनीची. सासूबाईंची.

रिफअत फ्रीजरच्या वाफेत बराच वेळ उभा राहिला. दोघी हज करून आलेल्या. दोघी दर वाक्याला 'देवाची मर्जी' म्हणणाऱ्या. मग त्याने आपल्या हातातल्या मेणबत्तीकडे पाहिलं आणि त्याला हसू येता येता राहिलं.

"दार लाव, भेंड्या वितळतील," मागून नहला म्हणाली. ती पाणी प्यायला आली होती.

"मी... हे..."

तिने त्याच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. हिरवी, जांभळी, आणि नवऱ्याच्या हातातली पांढरी. "तिघंही," ती म्हणाली. "बिचाऱ्या नशिबाला सर्दी होईल."

"आता सगळ्याच गार आहेत," रिफअत म्हणाला. "म्हणजे पुन्हा सगळं बरोबरीत आलं. म्हणजे तसं पाहिलं तर..."

"तसं पाहिलं तर ठेव ती आत आणि झोपायला जा," नहला म्हणाली, आणि पाणी न पिताच गेली.

त्याने ठेवली. मग झोपायलाही गेला. झोप आली नाही, पण ते काही त्याच्या हातात नव्हतं.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. बाळाला फुलांच्या चाळणीत निजवलं. रीतीप्रमाणे नहलाने चाळणी ओलांडली, मीठ आणि धान्य उधळलं गेलं, आणि हाग्गा तफीदाने बाळाच्या कानाजवळ पितळी खलबत्ता दणाणून वाजवायला घेतला. ही बाळाची पहिली शिकवणी. "आजीचं ऐक!" ठण्ण. "आईचं ऐक!" ठण्ण. "बापाचं ऐकू नकोस!" ठण्ण. सगळे हसले. असं म्हणायची पद्धतच आहे, प्रत्येक घरात म्हणतात. रिफअतही दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी हे ऐकून हसत आला होता. आज तो हसला नाही. 'या बापाचं ऐकण्यासारखं तरी काय आहे,' असा विचार त्याच्या डोक्यात आला आणि जाईना.

मग परातीत वाळू घालून मेणबत्त्या लावल्या. सफीनाज पहिल्यापासून तडतडत होती. वातीत बर्फाचं पाणी मुरलं असावं. थोड्याच वेळात तिने मान टाकली.

"कुणीतरी फुंकली!" हाग्गा इन्शिराह म्हणाली.

"देवाची मर्जी, बाई गं," हाग्गा तफीदा म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

उरल्या दोन. पाहुणे शेंगदाणे खात होते, बाळंतिणीच्या घरी पाजतात त्या मुगात नावाच्या गरम पेयाच्या पेल्यांतून वाफा येत होत्या, आणि सगळ्यांच्या नजरा परातीवर होत्या. हळूहळू स्पष्ट झालं की शहद जिंकणार. तफीदा बोटभर खाली उतरली होती, शहद अजून ताठ उभी होती. रिफअतच्या छातीवरचं ओझं उतरलं. नावही हवं तेच मिळत होतं आणि कुणाला काही सांगावंही लागत नव्हतं. इतकं सोपं आयुष्य असू शकतं, हे त्याला आधीपासूनच माहीत होतं.

तेवढ्यात नहला बाळाला घेऊन परातीपाशी आली. जणू बाळाला दिवे दाखवतेय अशी वाकली. आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघत तिने शहदवर फुंकर मारली.

धूर वर गेला.

"हवा आली," नहला म्हणाली.

खोलीतली सगळी खिडक्या-दारं बंद होती. पण हाग्गा तफीदाला तेवढा विचार करायला वेळ कुठला! तिच्या तोंडून आनंदाची किलकारी सुटली आणि पाठोपाठ शेजारणींच्याही. "तफीदा! माझी तफीदा! दे इकडे तिला!"

नहलाने बाळ दिलं नाही. ती नुसती उभी राहिली. रागावलेली दिसत नव्हती. नकाशा समोर ठेवून उत्तराची वाट बघत उभी राहावी तशी उभी होती.

"नाही," रिफअत म्हणाला.

किलकाऱ्यांत ते कुणाला ऐकू आलं नाही. म्हणून त्याला पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते पहिल्याहून अवघड होतं. "नाही, आई. नाव शहद."

"शहद विझली रे बाळा. सगळ्यांनी पाहिलं."

"विझू दे."

"म्हणजे? नशिबाच्या पुढे जाणार तू?"

आता रिफअतपाशी एक हत्यार होतं. 'आई, फ्रीजर' एवढे दोनच शब्द, आणि तिचं तोंड बंद झालं असतं, सासूचंही. शब्द जिभेवर आलेही. पण त्याच्या लक्षात आलं की ते बोलला तर मुलीचं नाव शेवटी भेंड्यांच्या पिशवीने ठेवल्यासारखं होईल. आणि दुसरं, आई चारचौघांत खाली मान घालेल. ते त्याला बघवलं नसतं. त्याने शब्द गिळले.

"नशिबाला काही विचारायचं नाहीये," तो म्हणाला. "बाप मी आहे. मला हे नाव आवडतं."

"बाजारातल्या लोकांच्या नादी लागून..."

"बाजारात कुणी काही म्हणालं नव्हतं, आई. मी खोटं बोललो. मीच म्हणालो होतो."

हाग्गा तफीदाने मुलाकडे असं पाहिलं, जणू घरातला जुना सोफा अचानक बोलायला लागला. मग तिने ओढणीने डोळे टिपले आणि म्हणाली, "मधाचं नाव ठेवतोयस. मुंग्या लागतील पोरीला."

"लागल्या तर मी झाडीन."

हाग्गा इन्शिराह पुढे झाली, विझलेली जांभळ्या रिबिनीची मेणबत्ती परातीतून उपटली आणि म्हणाली, "जावईबापू, एवढं बोलता येतं तर आमच्या मुलीच्या लग्नात आवाज कुठे गेला होता तुमचा?" लोक हसले, आणि हसता हसता शेंगदाण्यांच्या पुड्या वाटल्या जाऊ लागल्या.

नहलाने बाळ रिफअतच्या हातात दिलं आणि पाणी प्यायला गेली.

पुढचे काही दिवस आई त्याच्याशी बाळामार्फत बोलत होती. "सांग गं तुझ्या बापाला, चहा गार होतोय." बाळाला सर्दी झाली, तर नावामुळे. रात्रीत दोनदा उठली, तर नावामुळे. आणि रिफअतला पहिल्यांदाच हात वर करता येत नव्हते, कारण हातात बाळ असायचं. लोण्यासारखा माणूस थोडा घट्ट झाला. कारखान्यात एका गिऱ्हाइकाला त्याने सरळ सांगितलं, "तांबडं घ्या. निळं घेतलंत तर परत याल." गिऱ्हाइकाला राग आला आणि ते दुसऱ्या दुकानात गेलं. हाही एक नवा अनुभव होता.

मग एके दिवशी कान टोचणारी बाई दारात आली. हाग्गा तफीदानेच तिला बोलावलं होतं. सुई, दोरा, सोन्याच्या इवल्या कड्या, सगळी तयारी होती. दोन्ही हाग्गा, बाई आणि नहला, चौघींनी एकदम रिफअतकडे पाहिलं.

"आता काय, मलाच विचारताय?" तो म्हणाला.

"तूच ठरवतोस ना हल्ली," आई म्हणाली. ती त्याच्याशी थेट बोलली, हे तिच्याही नंतर लक्षात आलं.

रिफअतने बाळाच्या कानाकडे पाहिलं. वाटाण्याच्या सालीएवढा कान. आत्ता टोचला तर रडेल आणि विसरेल. पुढे टोचला तर रडेल आणि लक्षात ठेवेल. दोन्ही शोभेल असं म्हणायची सोय नव्हती.

"नंतर," तो म्हणाला.

"नंतर म्हणजे कधी?"

"ती बोलायला लागली की. तिला विचारून."

"पोरीला विचारून कान?" हाग्गा तफीदाने कपाळावर हात मारला. "अरे, मग या घरात कधी कुणाचं काही ठरणार तरी आहे का?"

बाईने सुई डबीत ठेवली. नहलाने तिच्यासाठी चहा टाकला, आणि न विचारताच रिफअतसाठीही, बिनसाखरेचा. मग थांबली, आणि स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "रिफअत, चहा घेणार की कॉफी?"