बिसरामची पथरी

बिसरामला पथरी, म्हणजे मुतखडा, झाली, हे अख्ख्या नवेगाव बांध गावाला माहीत होतं. ती झालेलीच नाही, हे फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, अनुसयाबाईला ठाऊक होतं. नवरा मुतायला जातो, ताटकळत उभा राहतो, धार तुटक येते आणि परतून टेकतो न टेकतो तोच पुन्हा उठतो. म्हातारपणी पुरुषाच्या आत गाठ फुगते. तिच्या बापाचंही हेच झालं होतं.

पण बिसरामला ते बोलायची लाज. गाठ म्हणजे पुरुषपणच संपलं, असा या गावच्या मिशाळ शहाण्यांचा समज. पथरी कशी मर्दानी! कळा सोसल्याच्या बढाया तरी मारता येतात.

मग गाव थोडंच गप्प बसणार? शेजारच्या उदारामने पानफुटीचा पाला आणला, कुळथाचं पाणी उकळून दिलं. "तांब्यानं प्या जी, दगड वाहून जाते." नको म्हटलं तर बिंग फुटेल, म्हणून हा बहाद्दर ढोसत राहिला.

"कायले पिऊन रायले? निंगन कुठून थे पानी?" अनुसयाबाईने विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

त्याच दुपारी लघवी साफ बंद झाली. पोट टणक फुगलं आणि मर्दगडी गुरासारखा ओरडू लागला. अनुसयाबाईने त्याला गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरने नळी घालून लघवी काढली, पिशवी लावली, सोनोग्राफी पाहिली. "प्रोस्टेट बढा है. ऑपरेशन करना पडेगा, नही तो किडनी जायेगी."

"आपरेशन केलं त साऱ्या गावाले मालूम पडते," बिसराम म्हणाला आणि पिशवी धोतरात लपवून घरी आला. याला जिवापेक्षा मिशी प्यारी!

ओसरीवर माणसं जमली. "निंगला दगड," बिसराम बोटांनी आकार दाखवू लागला. "एवढा."

अनुसयाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चहाचा ट्रे आपटला. "दगड यांच्या डोक्शात हाये! परस्टेट फुगला. आपरेशन नाही केलं त मरतीन. हासा आता, हासाचं असन त!"

कोणी हसलं नाही. एकेक जण खाली मान घालून उठून गेला. उदाराम मात्र घुटमळत राहिला. कुंपणापाशी जाऊन बराच वेळ उभा राहिला, परत आला आणि हळूच म्हणाला, "वैनी, थो डाक्टर कोठी बसते जी?"

बिसरामने मान वर केली. "तुलेबी?"

"चाला दोघंबी," अनुसयाबाई म्हणाली. "अन् थो पाला बकरीले घाला."