स्पिरिटचं नव्हे, माझंच कडं

मी एका पानाचा अर्क बोलतोय. केरळात, तंकम्माच्या परसात, नारळाची सोडणं कुजवायच्या डबक्याकाठी, पिवळ्याजर्द तुऱ्यांच्या आनत्तकरा झुडपावर मी वाढलो. गजकर्णावरचं पान म्हणून गावात आमचा दरारा! मला गर्व होता. का नसावा?

तंकम्माचा जन्म त्या पाण्यात उभं राहून काथ्या काढण्यात गेला. पायाच्या बोटांमध्ये बुरशीने ठाण मांडलं. दुकानातली मलमंही आता लागू पडेनात. पाय पाण्यात टाकताना ती ओठ चावायची, ते मला बघवत नसे.

तिची लेक लिजिना कोळिक्कोडला संशोधन करते. तिने मला खुडलं, वाळवलं, कुटलं, स्पिरिटमध्ये भिजवून बाटलीत भरलं. अम्माच्याच पायाची बुरशी काचेच्या बशीत वाढवायला घातली आणि माझ्यात बुडवलेली कागदाची टिकली मधोमध ठेवली. काही दिवसांनी बशीभर बुरशी माजली, पण टिकलीभोवती स्वच्छ, रुंद कडं! मी फुगलोच.

लिजिनाने लगेच घरी फोन लावला. "अम्मा, तुझं औषध सापडलं!"

तिच्या मार्गदर्शक सुलेखा टीचरनी बशी उजेडात धरली. "टिकली वाळवून ठेवली होतीस?"

"घाईत राहिलं, टीचर."

"आणि नुसत्या स्पिरिटची टिकली कुठाय?"

लिजिनाने बशीत पाहिलं. तिथे माझी एकच टिकली होती.

"मग बुरशी पानाने मारली की स्पिरिटने? आणि तू अम्माला सांगून मोकळी! शाब्बास."

माझ्यावर संशय? संताप झाला माझा. पण खरं सांगतो, आतून मी हादरलो होतो.

लिजिनाने नव्या बशीत दोन टिकल्या ठेवल्या, एक माझी, एक नुसत्या स्पिरिटची, दोन्ही वाळवून कोरड्या केलेल्या. स्पिरिटच्या टिकलीला बुरशी येऊन चिकटली. माझ्याभोवती मात्र कडं उमटलं. आधीपेक्षा अरुंद, पण अस्सल माझं!

लिजिनाने पुन्हा फोन केला. "अम्मा, पान खरंच गुणाचं आहे. पण त्याचं औषध व्हायला वर्षं लागतील. तोवर डॉक्टरांना पाय दाखव."

"म्हणजे त्या दिवशी सापडलं ते आज हरवलं होय गं?" तंकम्मा हसली. "असू दे, शोध तू. भाताची कंजी प्यायलीस का?"

आता बाटलीत माझे थोडेच थेंब उरलेत. माझ्यातलं नेमकं काय बुरशीला मारतं, हे शोधायला टीचर माझे घटक वेगवेगळे करणार आहेत. मग मी असा उरणार नाही. खुशाल करा! माझ्यावर नुसता विश्वास ठेवू नका, मला पुन्हा पुन्हा तपासा. मी पुरून उरेन. फक्त हात जरा लवकर चालवा. तंकम्मा उद्या सकाळी परत पाण्यात उतरणार आहे.